चौकशीत कुटुंबाचे स्थान

15 एप्रिल 1989 च्या रात्री इंग्लंडमधील शेफिल्डच्या हिल्सबरो फुटबॉल मैदानाच्या व्यायामशाळेत, सामन्याच्या वेळी झालेल्या चेंगराचेंगरीत दगावलेल्यांचे मृतदेह ठेवले होते. आपल्या माणसाला शोधत आलेल्यांना आधी फलकावर लावलेली मृतांची छायाचित्रे दाखवण्यात आली, मग ओळख पटवून घेण्यात आली आणि लगेच, मुलगा दारू प्यायला होता का, असे पोलीस विचारू लागले. मृतदेह आता कोरोनरच्या ताब्यात आहे, असे सांगून काही मातांना मुलाला जवळही घेऊ दिले नाही.

कोरोनर म्हणजे अनैसर्गिक किंवा कारण न कळलेल्या मृत्यूची चौकशी करणारा स्वतंत्र न्यायिक अधिकारी. त्याने लहान मुलांसह सर्व मृतांच्या रक्तातील मद्याचे प्रमाण तपासायला लावले, दुपारी सव्वातीननंतरच्या घटना विचारात घेतल्या नाहीत आणि 1991 मध्ये ‘अपघाती मृत्यू’ असा निर्णय झाला. तो 2012 मध्ये रद्द होऊन 26 एप्रिल 2016 रोजी दुसऱ्या ज्यूरीने 96 जणांचा मृत्यू बेकायदेशीरपणे घडवला गेला, असा निष्कर्ष देईपर्यंत कित्येक आईवडील हयात राहिले नव्हते.

इंग्लंड आणि वेल्समध्ये जुलै 2013 पासून नवा कायदा आणि त्याखालचे नियम लागू झाले. शवविच्छेदन कधी आणि कुठे होणार हे जवळच्या नातेवाइकांना कळवणे, मागितल्यास कागदपत्रे देणे आणि मृतदेह 28 दिवसांत सोपवता येत नसेल तर त्याचे कारण सांगणे, ही कोरोनरची जबाबदारी ठरली. अनेक न्यायालयांत आता प्रशिक्षित स्वयंसेवक कुटुंबाला दारातच भेटतात, कोण कुठे बसते ते दाखवतात आणि जखमांचे वर्णन ऐकवत नसेल तर बाहेर जाता येते, हेही सांगतात. ही मदत वरवर किरकोळ वाटली, तरी आमच्या मते सुधारणेचा खरा कस इथेच लागतो.

मात्र कोरोनर सेवेचा खर्च स्थानिक परिषदांवर असल्याने मृत्यू कोणत्या भागात झाला यावर कुटुंबाला मिळणारी वागणूक अवलंबून राहते. 2021 मध्ये संसदेच्या न्यायविषयक समितीने एकच राष्ट्रीय सेवा सुचवली, ती सरकारने स्वीकारली नाही. सुनावणीत पोलीस किंवा रुग्णालयाची बाजू सरकारी पैशातून नेमलेले वकील मांडत असताना कुटुंबाला वकिलासाठी पदरमोड करावी लागते, हा अन्याय तर उघड आहे. तो दूर करण्यासाठी सप्टेंबर 2025 मध्ये विधेयक मांडले गेले.

मुंबईतही 1999 पर्यंत कोरोनरचे न्यायालय होते. ते बंद झाल्यावर अशा मृत्यूंची प्राथमिक चौकशी पोलिसांकडे गेली. पंचनामा आणि शवविच्छेदन उरकेपर्यंत नातेवाईक शवागाराबाहेर ताटकळतात. मृतदेह कधी मिळेल आणि अहवाल कोणाकडे मागायचा, हे त्यांना लेखी कळवायला कोरोनरचे न्यायालय पुन्हा उघडण्याची गरज नाही, ते पोलीस ठाणे आणि रुग्णालय आजही करू शकतात.