फिल्टरमधली वस्ती

(दृश्य : गोल्डफिशच्या कल्ल्यांचा क्लोजअप.)

कल्ल्याचं झाकण उघडतं, मिटतं. आत लालभडक पडदे दिसतायत, त्यांतून मासा पाण्यातला ऑक्सिजन घेतो आणि त्याच पडद्यांतून अमोनिया बाहेर सोडतो. गोल्डफिशच्या शरीरातला बहुतेक अमोनिया विष्ठेतून येत नाही, तो असा श्वासाच्या वाटेने पाण्यात मिसळतो. म्हणून तो डोळ्यांना दिसत नाही. हे पाणी नितळ आहे. आता त्यात टेस्ट किटचे थेंब टाकू.

(दृश्य : परीक्षानळी. पिवळा रंग हळूहळू हिरवा होतो.)

पिवळा राहिला असता तर अमोनिया शून्य. हा हिरवा झालाय, म्हणजे माशाला विषारी असलेला अमोनिया पाण्यात आहे. या टाकीची काच कालच घासली होती, खडी उपसून धुतली होती, सगळं पाणी बदललं होतं आणि फिल्टरचा स्पंज नळाखाली धरून नवा दिसेपर्यंत चोळला होता. मेहनत भरपूर झाली. तिच्यात वाहून गेली ती फिल्टरमधली वस्ती.

(दृश्य : दुसऱ्या टाकीचा स्पंज बादलीत पिळला जातोय. पाणी तपकिरी होतं.)

ती वस्ती ही. स्पंजाच्या प्रत्येक छिद्राच्या आतल्या बाजूला जिवाणूंचा पातळ थर चिकटलेला असतो. त्यातल्या काहींचं अन्नच अमोनिया. ते अमोनियाचं नायट्राइट करतात. दुसरे त्या नायट्राइटचं नायट्रेट करतात. नायट्राइट माशाच्या रक्तात शिरलं की रक्त ऑक्सिजन वाहून नेऊ शकत नाही आणि तपकिरी पडतं. नायट्रेट मात्र बरंच सौम्य असतं, ते पाणी बदलून काढता येतं.

ही साखळी दोन टप्प्यांची आहे आणि प्रत्येक टप्प्याचे जिवाणू वेगळे आहेत, हे १८९०च्या सुमाराला सर्गेई विनोग्राडस्की यांनी मातीतल्या जिवाणूंवर काम करताना दाखवून दिलं. पुढे शंभरएक वर्षं असंच मानलं जात होतं की माशांच्या टाकीतला दुसरा टप्पा नायट्रोबॅक्टर नावाचा जिवाणू सांभाळतो. १९९८ साली गोड्या पाण्याच्या टाक्या तपासल्या, तेव्हा तिथे नायट्रोस्पायरा हे काम करताना सापडले. आणि २०१५ मध्ये तर असे नायट्रोस्पायरा सापडले, जे दोन्ही टप्पे एकटेच पार पाडतात. माणूस माशांची टाकी घरात ठेवत आला, आणि ती साफ नेमकं कोण करतंय हे त्याला अलीकडे कळलं.

हे जिवाणू वाढतात फार सावकाश. नव्या टाकीत त्यांची वस्ती बसायला चार ते सहा आठवडे लागतात, पाणी थंड असेल तर जास्तच. या काळाला पाळणारे टँक सायकल करणं म्हणतात. मासे आणण्याआधी टाकीत थोडा अमोनिया घालून हे करता येतं. जुन्या, निरोगी टाकीतला स्पंजाचा तुकडा मिळाला तर काम लवकर होतं.

(दृश्य : स्पंज बादलीत दोनदा दाबून परत फिल्टरमध्ये बसवला जातो. अजून तपकिरीच आहे.)

बादलीतलं हे पाणी टाकीतूनच काढलेलं आहे. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन जंतू मारण्यासाठीच असतं आणि हे जिवाणू त्याला अपवाद नाहीत. म्हणून स्पंज टाकीच्या पाण्यात दोनदा दाबायचा, गाळ सुटला की बस. तो तपकिरीच राहू द्या. पाण्याचा प्रवाह मंदावला की साफ करायचा, दिसायला मळका आहे म्हणून नाही. फिल्टरमध्ये दोन स्पंज असतील तर दोन्ही एकाच दिवशी धुऊ नका.

(दृश्य : वरून घेतलेलं चित्रण. पसरट कुंडात रांचू जातीचे मासे.)

आता हे वरून बघा. रुंद पाठ, आखूड शेपटी, पोहताना डुलणारं अंग. चीनमध्ये हजार वर्षांपूर्वी, सोंग राजवटीच्या काळात, तळ्यातले सोनेरी मासे निवडून वाढवायला सुरुवात झाली. पुढे ते मोठमोठ्या मातीच्या कुंड्यांमध्ये आले, मग जपानमध्ये गेले. काचेच्या टाक्या घराघरांत दिसू लागल्या त्या एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर. त्याआधी कित्येक पिढ्या हा मासा वरून पाहण्यासाठीच घडवला गेला आणि वाढला तो उघड्या, पसरट पाण्यात. हवेतला ऑक्सिजन पाण्यात उतरतो तो पृष्ठभागातून, त्यामुळे पृष्ठभाग जितका मोठा तितका माशाला श्वास मोकळा.

(दृश्य : गोल काचेचा बाऊल. पाणी गळ्यापर्यंत भरलं जातंय.)

आणि हा बाऊल. यात पाणी जसजसं गळ्याकडे चढतं, तसतसा पृष्ठभाग आकसतो. पाणी वाढलं, श्वास कमी झाला. यात फिल्टर बसत नाही, म्हणजे वस्तीलाही जागा नाही. वीस अंश सेल्सियसच्या पाण्यात एका लिटरमध्ये जास्तीत जास्त ९ मिलिग्रॅमच्या आसपास ऑक्सिजन विरघळतो, तीस अंशाला साडेसात. गोल्डफिश थंड पाण्याचा मासा आहे, आणि इवलंसं पाणी खोलीबरोबर लगेच तापतं.

तरी तो यात काही महिने जगतो. कारण त्याची चिवटता विलक्षण आहे. थंड पाण्यातला ऑक्सिजन पूर्ण संपला तर हा मासा शरीरात साठणाऱ्या लॅक्टिक आम्लाचं इथेनॉल बनवून ते कल्ल्यांवाटे बाहेर टाकतो आणि तग धरतो. या चिवटपणामुळेच त्याला बाऊलमध्ये ठेवणं चालवून घेतलं गेलं. चांगल्या टाकीत तो दहा-पंधरा वर्षं सहज जगतो. इंग्लंडमधला टिश नावाचा गोल्डफिश १९९९ मध्ये मेला तेव्हा ४३ वर्षांचा होता.

(इथे निवेदन नाही. बाऊलमधला मासा, वीस सेकंद.)

रांचूसारख्या एका फॅन्सी जातीच्या माशासाठी निदान ७५ लिटरची टाकी घ्या. पुढच्या प्रत्येक माशामागे आणखी ४० लिटर धरा. लांब शेपटीचे कॉमेट आणि साधे गोल्डफिश फूटभर वाढू शकतात, त्यांची खरी जागा तळ्यात. टाकी उंच नको, लांब-रुंद हवी.

(दृश्य : मासा खडी तोंडात घेतो, चाळतो, थुंकतो.)

हे तो दिवसभर करतो. खडी तोंडात घ्यायची, खाण्याजोगं वेचायचं, बाकीचं थुंकायचं. त्याचे दात जबड्यात नसून घशात असतात. पोट नावाचा अवयव त्याला नाहीच, घास थेट लांब आतड्यात जातो. म्हणून तो सारखा भुकेला दिसतो, आणि त्याच्याकडे बघून माणसाचा हात डब्याकडे जातो. दोन मिनिटांत संपतील इतकेच दाणे, दिवसातून एकदा-दोनदा. उरलेला प्रत्येक दाणा कुजून शेवटी अमोनियाच होतो. खडी अगदी बारीक रेतीसारखी हवी, नाहीतर तोंडात मावणार नाही इतकी मोठी. मधल्या आकाराचे खडे घशात अडकतात.

(दृश्य : सायफन खडीत खुपसला जातो. नळीतून तपकिरी ढग वर चढतो.)

दर आठवड्याचं खरं काम हे. सायफनचं रुंद तोंड खडीत खुपसलं की खडी नळीत उसळते, भोवंडते आणि तिच्यात अडकलेला गाळ सुटतो. गाळ हलका, तो वर जातो. खडी जड, ती खाली बसते. ती वर येतेय असं वाटलं तर नळीच्या टोकाला अंगठा लावून प्रवाह दाबायचा. पूर्ण तळ एकाच दिवशी उकरायची गरज नाही, या आठवड्यात डावी बाजू, पुढच्या आठवड्यात उजवी. खडीवरही जिवाणू असतात.

पाणी काढायचं पाव ते एक तृतीयांश. शंभर लिटरची टाकी असेल तर पंचवीस-तीस लिटर. महिनोन्‌महिने दुर्लक्ष झालेल्या टाकीत तर आणखी जपून. जुन्या पाण्याचा पीएच घसरलेला असतो, म्हणजे ते आम्लाकडे झुकलेलं असतं, आणि त्यात अमोनिया बराचसा निरुपद्रवी रूपात अडकून असतो. नव्या पाण्याने पीएच ७ वरून ८ वर गेला, तर एकूण अमोनिया तेवढाच राहूनही त्याचा विषारी भाग साधारण दहापट होतो. बरंचसं पाणी एका दमात बदलल्यावर मासे मरतात, त्यामागे अनेकदा हेच असतं. अशा टाकीत रोज थोडं थोडं बदला.

काचेवरचं हिरवं शेवाळ? समोरची काच पुसा, बाकी राहू द्या. ते माशाला अपाय करत नाही, उलट थोडं नायट्रेट खातं.

अंगावर पांढरे ठिपके, मिटलेले पर, पृष्ठभागावर येऊन हवा गिळणं : औषधाआधी पाणी तपासा. आणि मासा मोठा झाला म्हणून तलावात सोडू नका. २०२१ साली अमेरिकेतल्या बर्न्सव्हिल शहराला केलर तलावातून फुटबॉलएवढे गोल्डफिश बाहेर काढावे लागले.

(दृश्य : बादलीत थर्मामीटर. नवं पाणी टाकीत ओतलं जातं.)

नव्या पाण्यात आधी अँटिक्लोरीन, मग ते टाकीत. नुसतं क्लोरीन उघड्या बादलीत एक दिवस ठेवून उडून जातं, क्लोरामाइन, म्हणजे क्लोरीन आणि अमोनियाचं संयुग, असेल तर उडत नाही. तापमान टाकीच्या एक-दोन अंशांत जुळलेलं हवं.

(दृश्य : फिल्टरचं बटण.)

आणि फिल्टर लगेच सुरू. वस्तीला चोवीस तास ऑक्सिजन वाहून नेणारं पाणी लागतं. वीज तासन्‌तास गेली, तर बॅटरीवर चालणारा एअर पंप लावून स्पंज टाकीतच मोकळा तरंगत ठेवा. बंद डब्याच्या फिल्टरमध्ये साठलेलं पाणी वीज आल्यावर टाकीत येऊ देऊ नका. ते आधी ओतून द्या, स्पंज टाकीच्या पाण्यात खंगाळा, मग बटण दाबा, आणि पुढचे दोन-तीन दिवस दाणे निम्मे करा.