वहीची दुसरी प्रत

(दृश्य: पिवळ्या पानावर तपकिरी शाईतली नोंद. कॅमेरा एकेका ओळीवरून सरकतो.)

अठराव्या शतकातल्या फ्रान्समधली बाप्तिस्म्याची नोंद. मजकूर जवळजवळ ठरलेला. बाळ काल जन्मलं, आज बाप्तिस्मा झाला. बाप विणकर. आई त्याची लग्नाची बायको. मग धर्मपिता, धर्ममाता, म्हणजे बाप्तिस्म्यात बाळाची धार्मिक जबाबदारी घेणारे दोघं, आणि शेवटी पाद्रीबाबांची ओळ: सही करता येत नाही असं दोघांनी सांगितलं.

वंशावळ शोधणाऱ्याला एवढं पुष्कळ झालं. आईचं आडनाव इथे माहेरचंच लिहिलेलं असतं, त्यामुळे तिच्याकडूनही मागे जाता येतं. धर्मपिता बऱ्याचदा मामा, काका नाहीतर आजोबा. लग्न सहसा नवरीच्या गावात लागायचं. ती नोंद मिळाली की पुढची पिढी, म्हणजे खरं तर मागची, हाती लागते. घोडं अडतं ते अक्षरापाशी. आडनाव कानावर पडेल तसं उतरवायचं, मग सख्ख्या भावांची आडनावंही वेगवेगळी दिसतात. मध्येच एखादी नोंद थबकायला लावते: बाळ दगावेल या भीतीने सुईणीनेच घरी डोक्यावर पाणी घालून बाप्तिस्मा दिला.

(दृश्य: गावातलं दगडी चर्च.)

या वह्या ठेवायचा हुकूम पहिल्या फ्रान्स्वा राजाने १५३९ मध्ये विलेर-कोत्रे इथून काढला. १५७९ मध्ये त्यात लग्नं आणि दफनंही आली. हुकूम सगळीकडे पाळला गेला असं मात्र नाही. खरं शहाणपण १६६७ चं, चौदाव्या लुईच्या काळातलं. वही दोन प्रतींत लिहायची: एक चर्चकडे, दुसरी राजाच्या न्यायालयाच्या दप्तरात. एकीला कसर लागली, तरी दुसरी शाबूत.

क्रांतीनंतर, २० सप्टेंबर १७९२ च्या कायद्याने, हे काम पाद्र्यांकडून नगरपालिकांकडे गेलं. जुन्या वह्या आज मुख्यतः जिल्ह्याजिल्ह्यांच्या अभिलेखागारांत आहेत, आणि बहुतेक घरबसल्या, फुकट पाहता येतात.

(दृश्य: जळलेल्या इमारतींची जुनी छायाचित्रं.)

पॅरिसची गोष्ट वेगळी. तिथे दोन प्रती दोन इमारतींत होत्या, पण शहर एकच. मे १८७१ मध्ये, कम्यूनच्या, म्हणजे शहरातल्या बंडखोर सरकारच्या, अखेरच्या आठवड्यात, नगरभवन पेटलं आणि न्यायालयही पेटलं. सोळाव्या शतकापासून १८५९ पर्यंतच्या सुमारे ऐंशी लाख नोंदी गेल्या. नंतर घराघरांतले दाखले आणि चर्चमधल्या वह्या गोळा करून जेमतेम एक तृतीयांश पुन्हा लिहून काढल्या.

म्हणून पूर्वज पॅरिसचे निघाले, की जाणकार थेट नोटरींची दप्तरं उघडतात. ती राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत: लग्नाचे करार, वाटण्या, आणि माणूस गेल्यावर त्याच्या घरातल्या भांड्याकुंड्यांची केलेली यादी. कोणत्या नोटरीकडे जायचं, एवढं आधी शोधावं लागतं.