भिंत रंगवताना गल्लीला सोबत घ्या

नमस्कार मंडळी! आज भिंतींवरच्या मोठ्या चित्रांबद्दल बोलूया, म्हणजे ज्याला आपण म्युरल म्हणतो. चित्राने गल्ली छान दिसते हे तर आहेच, पण मला विचाराल तर खरा फायदा होतो तो चित्र तयार होत असताना.

आपली कसबा पेठच घ्या ना, पुण्यातली सगळ्यात जुनी पेठ. २०१२ मध्ये चित्रकार हर्षवर्धन कदम यांनी पुणे स्ट्रीट आर्ट प्रोजेक्ट सुरू केला आणि सुरुवातीची चित्रं या पेठेतल्या भिंतींवर काढली. आता कसब्यातल्या गल्ल्या केवढ्या अरुंद, चित्र लांबून बघायला मागे सरकायचं म्हटलं तरी समोरच्याच्या ओट्यावर चढावं लागतं! अशा ठिकाणी परांची बांधून कोणी काही दिवस काम करत राहिलं की गल्ली त्यात आपोआप ओढली जाते, कोणी लाईटचं कनेक्शन देतं, कोणी चहा आणतं, पोरं ब्रश मागतात, आणि वर्षानुवर्षं नुसती मान हलवणारे शेजारी त्या निमित्ताने दोन शब्द बोलतात.

दुसरी गोष्ट रोजगाराची, आणि ही मला फार महत्त्वाची वाटते. अमेरिकेत फिलाडेल्फियामध्ये १९८४ साली भिंती खराब करणाऱ्या पोरांसाठी शहराने एक कार्यक्रम काढला, जेन गोल्डन नावाच्या चित्रकर्तीने त्या पोरांच्याच हातात म्युरलचं काम दिलं, आणि त्यातून पुढे हजारो म्युरल्स उभी राहिली. आपल्याकडेही दुकानांच्या पाट्या रंगवणारे पेंटर होते, फ्लेक्स आला आणि त्यांचं काम गेलं. एवढं सुंदर अक्षर असलेली माणसं घरी बसलीत हो! म्युरल करताना त्यांना बोलवा आणि मजुरी नीट द्या.

मेक्सिकोत पाचुका शहरातल्या पाल्मितास वस्तीत तर २०१५ मध्ये २०९ घरं रंगवून सगळी टेकडीच एक चित्र केली, पण कलाकार आधी तिथल्या कुटुंबांशी बोलले, मगच रंगाला हात लावला. आपल्याकडे नेमकं हेच राहून जातं, कोणीतरी ठरवतं, एका रात्रीत भिंतीवर मोर आणि घोषवाक्य येतं, गल्लीला पत्ताच नाही, मग त्याच मोरावर पिचकारी मारताना कोणाला काही वाटत नाही.

आणि हो, कचऱ्याचा कोपरा नुसता रंगवून सुटत नाही. घंटागाडी वेळेवर आली नाही तर चित्राखाली परत ढीग लागणारच. भिंतीचंही तसंच, आत ओल असेल तर पावसाळ्यात पोपडे निघतात, म्हणून आधी गळती बंद करा, जुना रंग खरवडा, मग पुट्टी, प्रायमर आणि बाहेरच्या भिंतीचाच रंग. मालकाची परवानगी लेखी घ्या, कारण मालमत्ता विद्रूपीकरणाचा १९९५ चा कायदा आहे.

तुमच्या सोसायटीची किंवा वाड्याची भिंत रिकामी असेल तर यंदा पाऊस संपला की करून बघा. आधी खडूने नुसतं रेखाटन काढा आणि दोन-तीन दिवस तसंच राहू द्या, येणारे-जाणारे थांबतील, हे काय ते काय विचारतील, आजोबा सांगतील इथे पूर्वी हौद होता, ते सगळं ऐकून घ्या, चित्रात बदल करा आणि मगच रंग आणायला जा.