डबीतला कापूर आणि पेटीतली गोळी

मंडळी, आरती आत्ताच झाली. तबकात काजळी दिसेल, पण कापराची राख शोधूनही सापडायची नाही. ज्योतीत जळते ती कापराची वाफ. वडी खाली नुसती वाफ पुरवत राहते. आणि काडी लावली नाही तरी वडी झिजतेच. दिवाळीला आणलेली डबी वैशाखात उघडा, अर्धी रिकामी. घरातल्या लेकरावर उगाच आळ येतो.

स्थायू पातळ न होता सरळ वायू होतो, याला शाळेत संप्लवन म्हणतात. पोरांनी व्याख्या पाठ केलेली आहे, पण त्या व्याख्येने एक गैरसमजही पक्का केला आहे: कापूर, आयोडीन, नॅफ्थलिन (म्हणजे डांबरगोळीतला पदार्थ) हे वितळतच नाहीत. वितळतात की! नॅफ्थलिन ८० अंश सेल्सिअसला वितळते, आयोडीन सुमारे ११४ अंशांना, कापूर १७५ च्या पुढे. मुद्दा वेगळाच आहे. वाफ व्हायला आंधण यावे लागत नाही. वाळत घातलेले धोतर काय उकळून सुकते? पृष्ठभागावरचे रेणू कोणत्याही तापमानाला थोडेथोडे सुटत असतात. मिठाचे कण विद्युतभारामुळे एकमेकांना घट्ट धरून असतात, त्यामुळे मीठ वितळवायलाच ८०१ अंश लागतात. कापराचे रेणू म्हणजे खुंट्याला सैल बांधलेले वासरू. जरा हिसका बसला की निघाले. तो वास येतो ना, ते नाकात शिरलेले कापराचेच रेणू असतात.

आता आपल्या उन्हाचा हिशेब करू. २५ अंशांवरून ४५ अंशांवर गेले की नॅफ्थलिनच्या वाफेचा दाब सुमारे सहापट होतो. ब्रह्मपुरी-चंद्रपूरकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, हे मी तुम्हाला काय सांगावे! टिनाच्या छपराखालच्या पेटीत तर त्याहून जास्त. मघाशी मागून एका आजोबांनी विचारले, “माही आई कापरात मिरे टाकत जाय, ते कायले?” काकाजी, मिऱ्यापेक्षा झाकणाचे काम मोठे. घट्ट डबीत वाफ कोंडते, आणि जितके रेणू सुटतात तितकेच परत वडीवर बसू लागतात. मग झीज थांबते. झाकणाच्या आतून पांढरे कण चिकटलेले दिसतात, तो हाच परतलेला कापूर.

कोरड्या बर्फाची गोष्ट मात्र वेगळी आहे. तो म्हणजे गोठलेला कार्बन डायऑक्साइड. आपल्या हवेच्या दाबाला तो उणे ७८.५ अंशांना थेट वायू होतो. त्याला पातळ करायचे तर हवेच्या पाचपटीहून थोडा जास्त दाब लागतो, म्हणून उघड्यावर तो वितळलेला कधीच दिसत नाही. त्याच्याभोवतीचा पांढरा धूर मात्र हवेतल्या बाष्पाचा. कार्बन डायऑक्साइड डोळ्यांना दिसत नाही. गायी-म्हशींच्या कृत्रिम रेतनाच्या कांड्या ज्या कॅनमध्ये असतात, तो उघडल्यावरही तसाच धूर निघतो. पण तिथे आत पातळ नायट्रोजन असतो, उणे १९६ अंशांचा. ते उकळणे झाले, संप्लवन नव्हे.

इथे बसलेल्या बायांना एक सांगायचे आहे, आणि खरे तर त्यासाठीच मी हा विषय घेतला. बाळंतपणासाठी जुनी झबली, कुंच्या, दुपटी आपण पेटीतून काढतो. त्या पेटीत डांबरगोळ्या असतात. बहुतेक गोळ्या नॅफ्थलिनच्या. वाफ कपड्यांच्या धाग्यांत मुरते. काही बाळांच्या रक्तात जी-सिक्स-पीडी नावाचे विकर (एन्झाइम) जन्मतःच कमी असते. मुलग्यांत हे जास्त आढळते. अशा बाळांच्या तांबड्या पेशी नॅफ्थलिनने फुटतात, कावीळ वाढते, ती मेंदूपर्यंत जाऊ शकते. आपण तर बाळाला तेल चोळतो, आणि नॅफ्थलिन तेलात सहज विरघळते, म्हणून ते कातडीतून अधिक शिरते. बाळाच्या कपड्यांत गोळी ठेवूच नका. कडुनिंबाचा पाला ठेवा, नाहीतर नुसती बंद पिशवी.

धान्यात ठेवायच्या गोळीलाही लोक डांबरगोळीची बहीण समजतात. ती ॲल्युमिनियम फॉस्फाइडची असते आणि तिचे संप्लवन होत नाही. हवेतल्या ओलाव्याशी रासायनिक क्रिया होऊन फॉस्फिन वायू निघतो आणि मागे राखाडी भुकटी उरते. कापूर हवेत गेला तरी कापूरच राहतो. इथे नवाच वायू तयार होतो, तोही जीवघेणा, आणि त्याच्यावर उतारा नाही. ज्या खोलीत माणसे झोपतात, त्या खोलीतल्या कणगीत ही गोळी टाकायची नाही. शेजारच्या खोलीतही नाही, कारण भिंतींच्या फटींतून हा वायू पलीकडे जातो.