हात बसण्याचे तास

आजच्या विषयाचं नाव आयोजकांनी ‘करिअर की आयुष्य?’ असं ठेवलंय. त्यातल्या ‘की’शी माझं जुनं भांडण आहे. तो आला की डोळ्यांसमोर तराजू उभा राहतो: एक पारडं खाली गेलं की दुसरं वर. बाविशीपासून तिशीपर्यंत मी तो तराजू घेऊनच फिरत होते. रात्री उशिरापर्यंत बसले की करिअरचं पारडं जड झालं असं वाटायचं, आणि वेळेवर निघाले तर चोरी केल्यासारखं.

आधी मात्र महत्त्वाकांक्षेच्या बाजूने बोलते, कारण हल्ली तिला नावं ठेवणं फार सोपं झालंय. सुरुवातीची वर्षं खरंच वेगळी असतात. रिचर्ड हॅमिंग नावाचे अमेरिकी गणितज्ञ बेल लॅब्ज या संशोधन संस्थेत तीस वर्षं होते. 1986 साली दिलेल्या एका भाषणात ते म्हणाले होते की ज्ञान चक्रवाढ व्याजासारखं वाढतं. रोज थोडं जास्त शिकणारा आणि न शिकणारा यांच्यातलं अंतर पहिल्या वर्षी दिसतसुद्धा नाही, दहाव्या वर्षी ते भरून निघत नाही. चोविसाव्या वर्षी शिकलेली गोष्ट पुढची पस्तीस वर्षं कामाला येते, पन्नाशीत शिकलेली जेमतेम दहा. त्यामुळे ‘विशीत मजा करा, काम काय जन्मभर आहेच’ या सल्ल्याला मी तरी मान डोलावणार नाही.

त्याच भाषणात हॅमिंग यांनी एक कबुलीही दिली होती: अभ्यासापायी बायकोकडे कधी कधी दुर्लक्ष झालं. ही कबुली सध्या बाजूला ठेवू, तिच्याकडे परत यायचंय.

आता व्याज मिळतं हे मान्य केलं, तर ते कोणत्या तासांवर मिळतं?

सव्विसाव्या वर्षी मी दोन आठवडे एक वही ठेवली होती. दर अर्ध्या तासाला काय केलं ते लिहायचं. शहाणपण सुचलं म्हणून नाही हं. अप्रेझलमध्ये ‘अजून ओनरशिप दाखवा’ असा शेरा मिळाला होता आणि आपण किती राबतो याचा मला पुरावा हवा होता. पुरावा मिळाला, पण माझ्याच विरुद्ध. एका मंगळवारचं पान सांगते. सकाळी साडेनऊ ते रात्री नऊ, एकूण साडेअकरा तास. मीटिंगा साडेतीन तास, त्यातल्या दोन मीटिंगांत मी एक शब्दही बोलले नव्हते. मेल आणि चॅट दोन तास. एका फाइलमधले आकडे दुसऱ्या फाइलमध्ये उतरवणं दीड तास. जेवण आणि इकडचं-तिकडचं मिळून दीड तास. डोकं लावून केलेलं काम, दीड तास. आणि साडेसात ते नऊच्या रकान्यांत तीनदा एकच शब्द: ‘थांबले’. कशासाठी? साहेब उठले नव्हते म्हणून. पुढे बऱ्याच दिवसांनी साहेबच एकदा सहज बोलून गेले, की टीम बसलेली असताना आपण निघायचं हे त्यांना बरं दिसत नसे.

मराठीत कामात ‘हात बसतो’ असं आपण म्हणतो. नुसतं बूड बसवणं वेगळं. माझ्या वहीत बुडाचे तास भरपूर होते, हाताचे दीड. थकवा मात्र साडेअकरा तासांचा यायचा.

हे माझ्या एकटीचं दुखणं नव्हतं. पहिल्या महायुद्धात ब्रिटनच्या दारूगोळा कारखान्यांत काम करणाऱ्यांच्या, बहुतांशी बायकांच्याच, कामाच्या नोंदी ठेवल्या गेल्या होत्या. जॉन पेन्कावेल या अर्थतज्ज्ञाने 2014 मध्ये त्या पुन्हा तपासल्या. आठवड्याला सुमारे 50 तासांपर्यंत तासांबरोबर उत्पादन वाढत होतं, नंतर ते मंदावलं, आणि 70 तास राबणाऱ्यांचं उत्पादन 56 तासवाल्यांपेक्षा फारसं जास्त नव्हतं. म्हणजे ते वरचे चौदा तास जवळजवळ मातीतच गेले. आणि ही मोजता येणारी कामं होती. आपल्या कामात किती वाया गेलं ते कळतही नाही. बर्लिनच्या संगीत अकादमीतल्या व्हायोलिनवादकांचा 1993 चा अभ्यासही असाच बोलका आहे. त्यांच्यातले सर्वोत्तम विद्यार्थी एकट्याने रियाज करायचे तो दिवसाला सरासरी साडेतीन तास. आणि दुपारी झोपायचे! महत्त्वाकांक्षेत ही मंडळी कुणाला हार जाणारी नव्हती.

आणखी एक, जे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. अमेरिकेतल्या तरुण पुरुषांच्या नोकऱ्यांवर 1992 साली एक संशोधन आलं. पहिल्या दहा वर्षांत त्यांनी साधारण सात मालक बदलले होते, आणि त्या काळातल्या पगारवाढीचा किमान तिसरा हिस्सा या बदलांतून आला होता. नोकरी बदलायला काय लागतं? चार लोकांना भेटायला, वाचायला, टवटवीत चेहऱ्याने मुलाखतीला जायला वेळ लागतो. रोज रात्री नऊपर्यंत निष्ठेने बसणाऱ्याकडे नेमका तोच नसतो.

तब्येतीचं एका वाक्यात सांगते. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांच्या 2021 च्या अभ्यासानुसार, आठवड्याला 55 किंवा जास्त तास काम करणाऱ्यांमध्ये पक्षाघाताचा धोका 35 ते 40 तासवाल्यांपेक्षा अंदाजे 35 टक्के जास्त असतो.

इथपर्यंत ऐकून तुम्हाला वाटेल, फालतू तास छाटले की झालं. नाही होत. 2023 चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळवणाऱ्या क्लॉडिया गोल्डिन काही नोकऱ्यांना लोभी म्हणतात. वकिली, वित्तक्षेत्र, कन्सल्टिंग. तिथे दुप्पट वेळ देणाऱ्याला दुपटीहून जास्त पैसे मिळतात, कारण क्लायंटला तोच माणूस हवा असतो आणि रात्री-अपरात्री हवा असतो. तिथे नुसतं हजर असण्यालाच भाव आहे. जोडप्यातला एक अशी नोकरी धरतो, तेव्हा दुसऱ्याला लवचिक आणि कमी पगाराची धरावी लागते. ही दुसरी व्यक्ती बहुतेक वेळा कोण असते, ते या सभागृहातल्या मुलींना सांगायला नको. हॅमिंग यांची कबुली इथे आठवा. असल्या नोकरीवर माझ्याकडे युक्ती नाही. घ्यायची तर घ्या, पण आधी तिथे तीन वर्षं काढलेल्या कुणाला तरी गाठून विचारा, तुझ्या घरचं कोण बघतं?

मी स्वतः ‘आधी करिअर, मग बाकीचं’वाली होते. काही गोष्टी थांबतात, खोटं कशाला बोलू. प्रवास थांबला, गाणं शिकायचं होतं ते थांबलं, दोन्ही नंतर केलं. कॉलेजातली एक मैत्रीण दर रविवारी फोन करायची. मी म्हणायचे, नंतर करते. भांडण वगैरे काही झालं नाही, हळूहळू फोन यायचे थांबले. बढती मिळाली, जरा उसंत झाली, तेव्हा मी तिला फोन लावला. मागे एक लहान मुलगी काहीतरी मोठमोठ्याने सांगत होती. तिचं नाव मला विचारावं लागलं. ती चार वर्षांची होती.