जुन्या गाड्यांचा लिलाव आणि पडद्यावर दिसणारी किंमत

अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यात शनिवारी संध्याकाळचे सहा वाजतात, तेव्हा मुंबईत रविवारी सकाळचे साडेसहा झालेले असतात. तिथल्या स्कॉट्सडेल शहरात दर जानेवारीत बॅरेट-जॅक्सन या कंपनीचा जुन्या मोटारींचा मोठा लिलाव भरतो. ज्या गाड्यांवर सर्वांत चढ्या बोलीची अपेक्षा असते, त्या शनिवारी संध्याकाळसाठी राखून ठेवल्या जातात, कारण दूरचित्रवाणीसमोर त्या वेळी प्रेक्षकांची गर्दी असते. मुंबईतले जुन्या गाड्यांचे चाहतेही या लिलावाची दृश्ये आवडीने पाहतात, आणि ही आवड समजण्यासारखी आहे. ज्या गाड्या आपल्या रस्त्यांवर कधी उतरल्याच नाहीत, त्यांची इंजिने, त्यांचे मूळ रंग, त्यांच्या मालकांची साखळी हे सारे एका बैठकीत कळते. निवेदक जाणकार असतात, आणि समोर खरी माणसे खरे पैसे मोजत असतात.

या कंपनीचा पहिला लिलाव १९७१ मध्ये झाला. किमान किंमत न ठरवता, म्हणजे जी शेवटची बोली येईल तिला गाडी द्यायची, ही पद्धत तिने आपली ओळख बनवली. तिची मोठी स्पर्धक असलेली मेकम ही कंपनी फ्लोरिडातील किसिमी येथे जानेवारीतच हजारो गाड्या विक्रीला काढते, पण तिथे अनेक गाड्यांना राखीव किंमत असते आणि बोली तिथवर पोहोचली नाही तर गाडी विकली जात नाही.

एका हिरव्या फोर्ड मस्टँगचे उदाहरण घ्या. ती १० जानेवारी २०२० रोजी किसिमीच्या मंचावर आली. ‘बुलिट’ या १९६८ च्या चित्रपटात अभिनेते स्टीव्ह मॅक्वीन यांनी चालवलेली ही गाडी एका कुटुंबाने १९७४ मध्ये ६,००० डॉलरला घेतली होती आणि पुढे कित्येक वर्षे ती घरातल्या वापरात होती. रंग उडालेला, पत्र्यावर पोचे, तरीही तिला कोणी नव्याने रंगवले नाही. राखीव किंमत न ठेवता ती लिलावात उतरवण्याचे धैर्य त्या कुटुंबाने दाखवले आणि ग्राहकाने भरायचे शुल्क धरून ती ३७ लाख ४० हजार डॉलरला गेली. लिलावाच्या पडद्याने दिलेला हा उत्तम धडा आहे, असे आम्हाला वाटते, कारण त्या रात्री एवढे मोल आले ते तिच्या अंगावरच्या प्रत्येक खुणेला.

मात्र अशी संधी सर्वच गाड्यांना मिळत नाही. मंचावर एका गाडीच्या वाट्याला जेमतेम दोन-तीन मिनिटे येतात. लिलावकर्ता एका लयीत आकडे म्हणत राहतो. बोली लावणाऱ्यांच्या मधून फिरणारे कंपनीचे मदतनीस खरेदीदाराच्या खांद्याशी वाकून, डोळ्यांत पाहून, आणखी एक आकडा काढून घेण्याचा प्रयत्न करतात. भोवती गर्दी असते, अंगावर कॅमेरा असतो, आणि माघार घेणे म्हणजे हजारोंच्या देखत हरणे, असे त्या क्षणी वाटू लागते. आयपीएलच्या लिलावात संघांना ठरावीक रकमेची मर्यादा असते, टेबलावर बसलेली माणसे आधी आकडेमोड करून आलेली असतात, आणि तरीही तिथे बोली किती चढते हे आपण पाहिले आहे. इथे तर एकट्या माणसाला स्वतःची मर्यादा स्वतःच पाळायची असते.

त्यातच समोरची प्रत्येक बोली खऱ्या ग्राहकाची असेलच असे नाही. राखीव किंमत असलेल्या गाडीसाठी, तशी सूचना आधी दिलेली असेल तर, विक्रेत्याच्या वतीनेही बोली लावण्यास अमेरिकी कायद्यात वाव आहे. आपल्याकडे १९३० च्या मालविक्री अधिनियमाचे ६४ वे कलम याबाबत स्पष्ट आहे. विक्रेत्याने बोली लावण्याचा हक्क उघडपणे राखून ठेवलेला नसेल, तर त्याला स्वतः किंवा दुसऱ्याकरवी बोली लावता येत नाही. आणि किंमत चढवण्यासाठी खोट्या बोली लावल्या असतील, तर ती विक्री रद्द करून घेण्याचा पर्याय ग्राहकाला मिळतो. मुंबईत लिलावाला जाणाऱ्या प्रत्येकाने हे कलम वाचून जावे.

आता किमतीकडे वळू. हातोडा ज्या आकड्यावर पडतो, त्यावर ग्राहकाला साधारण १० टक्के शुल्क आणखी भरावे लागते, आणि ते विक्रेत्याला मिळत नाही. दुसरे उदाहरण १९६६ च्या निळ्या शेल्बी कोब्रा सुपर स्नेक या गाडीचे. अमेरिकी मोटारनिर्माते कॅरल शेल्बी यांनी अशा दोनच गाड्या घडवल्या आणि ही स्वतःसाठी ठेवली होती. २००७ मध्ये स्कॉट्सडेलच्या मंचावर रॉन प्रॅट या संग्राहकांनी ती शुल्कासह ५५ लाख डॉलरला घेतली, तेव्हा ती मोठी बातमी झाली. आठ वर्षांनी, २०१५ मध्ये, त्यांनी आपला संग्रह त्याच मंचावर विकायला काढला आणि ही गाडी शुल्कासह ५१ लाख १५ हजार डॉलरला गेली. दोन्ही आकडे मोठे असल्यामुळे प्रेक्षकाला तो सोहळाच वाटला. विक्रेत्याच्या बाजूने हिशेब मांडला तर चित्र वेगळे दिसते. ५५ लाख मोजून घेतलेल्या गाडीचे हातात आले ते शुल्क वजा जाता सुमारे साडेसेहेचाळीस लाख. मधल्या आठ वर्षांचा विमा, देखभाल, जागा आणि महागाई यांचा यात समावेशही नाही. जगातली एकमेव उरलेली, नामवंत गाडी असूनही हे घडले.

सेवाकार्यासाठी होणाऱ्या विक्रीचे आकडे तर बाजारभाव म्हणून मुळीच वाचू नयेत. जानेवारी २०२० मध्ये नव्या शेव्हरले कॉर्व्हेटची पहिली गाडी स्कॉट्सडेलला ३० लाख डॉलरला गेली. तिची दुकानातली सुरुवातीची किंमत ६० हजार डॉलरच्या आसपास होती. ही सगळी रक्कम देणगी म्हणून मुलांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेला मिळाली. निवेदक हे सांगतात, पण प्रेक्षकाच्या लक्षात राहतो तो आकडा.

कॅमेऱ्याला दिसत नाही ते मुंबईतल्या कोणत्याही डेंटिंग-पेंटिंगवाल्याला हाताने कळते. दाराच्या खालच्या कडेला पत्रा गंजून गेलेला असतो आणि त्यावर लांबी, म्हणजे पुट्टी, भरून, घासून, चकचकीत रंग दिलेला असतो. तिथे चुंबक लावले तर ते चिकटत नाही. मंचावरच्या प्रखर दिव्यांत हा रंग आरशासारखा दिसतो. साध्या इंजिनाच्या गाडीवर महागड्या आवृत्तीचे बिल्ले आणि पट्टे लावून हुबेहूब प्रत तयार करणे हाही जुना उद्योग आहे. प्रत म्हणून सांगून विकली तर त्यात गैर काही नाही. पण चेसिसचा क्रमांक, इंजिनाचा क्रमांक आणि कारखान्याची कागदपत्रे जुळतात का, हे दोन मिनिटांत कोणी तपासू शकत नाही. गाडी जशी आहे, जिथे आहे तशीच विकली जाते, आणि बहुतेक वेळा ती चालवून पाहण्याची मुभाही नसते. म्हणून अनुभवी खरेदीदार लिलावाच्या आधीच जाणकार माणूस पाठवून गाडी खालून, आतून पाहून घेतात आणि आपला शेवटचा आकडा कागदावर लिहून मगच खुर्चीवर बसतात.

मुंबईसाठी या साऱ्याचा अर्थ अगदी जवळचा आहे. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून निघालेल्या फियाट ११०० आणि पुढच्या पद्मिनी या शहराने टॅक्सी म्हणून आणि घरची गाडी म्हणून वापरल्या. पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ अखेर मुंबईच्या रस्त्यांवरून गेली. खासगी गाड्या मात्र अजून इमारतींच्या आवारात ताडपत्रीखाली उभ्या आहेत. लिलावांच्या पडद्यावर सध्या जुन्या सांगाड्यात नवे शक्तिशाली इंजिन, नवे ब्रेक आणि नवे गिअर बसवलेल्या गाड्यांना मोठी बोली मिळते, त्यांना रेस्टोमॉड म्हणतात. ते पाहून आजोबांच्या फियाटमध्येही तसेच करावे, असे एखाद्या तरुणाला वाटले, तर त्याने आधी केंद्र सरकारचे जुलै २०२१ चे नियम पाहावेत. ५० वर्षांहून जुन्या खासगी वाहनाला ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळी नोंदणी आणि ‘व्हीए’ अक्षरांचा क्रमांक मिळतो. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये आहे आणि ती १० वर्षे चालते. मात्र चेसिस, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरबदल केलेला असेल, तर ती नोंदणी मिळत नाही. त्यामुळे १९७२ च्या फियाटमधले मूळ इंजिन थकलेले असले, तरी ते काढून भंगारात देण्यापूर्वी ते दुरुस्त होऊ शकते का, हे जुन्या फियाट हाताळलेल्या मेकॅनिकला विचारावे, आणि इंजिनावर कोरलेला क्रमांक नोंदणी पुस्तकाशी जुळवून घ्यावा.