घरपट्टी माफ, मग गटारं कोण उपसणार?

फेब्रुवारीत कोकणातल्या नगरपरिषदांमध्ये अंदाजपत्रकाच्या सभा लागतात. रत्नागिरी, मालवण, वेंगुर्ले, कुठेही जा. घरपट्टी वाढवू नका, ही मागणी ठरलेली. निवडणूक तोंडावर असली की वाढ राहिली बाजूला, सवलतच जाहीर होते.

पूर्वी गावाच्या वेशीवर, आत येणाऱ्या मालावर कर घेणारा जकात नाका असायचा. रोजच्या रोज रोकड जमायची. 1999 मध्ये नगरपालिकांची जकात गेली, व्यापारी सुटले, आणि बदल्यात राज्याकडून सहायक अनुदान सुरू झालं. ते बहुतेक पगारातच जातं. अनुदान लांबलं की सफाई कामगाराचा पगार लांबतो. हक्काचं म्हणावं असं उत्पन्न उरलं ते मुख्यतः घरपट्टीचं.

बाजारपेठेतल्या एखाद्या दुकानाचं बिल बघा. मालमत्ता कर म्हणजेच घरपट्टी, वृक्ष कर, खाली शिक्षण कर आणि रोजगार हमी कर. शेवटचे दोन नगरपरिषद नुसते गोळा करते, पैसे शासनाचे. म्हणजे गावाने सूट द्यायची ती स्वतःच्या वाट्यातून.

ती मिळते कुणाला? घरपट्टीत सरसकट दहा टक्के सूट दिली असं धरू. हजार रुपये भरणाऱ्या कौलारू घराचे शंभर वाचले. दोन लाख भरणाऱ्या हॉटेलचे वीस हजार. त्या हॉटेलचा कचरा उचलायला घंटागाडी मात्र गावाचीच. फक्त गणपतीत उघडणाऱ्या बंद फ्लॅटलाही सूट आहेच.

आता खर्चाची बाजू. पगार थांबवता येत नाहीत. पथदिव्यांचं आणि पाण्याच्या पंपांचं वीजबिल थकवलं तर जोडणी तुटते. मग कात्री लागते ती मे महिन्यातल्या कामांना. गाळ काढायचा, व्हाळ म्हणजे ओढे मोकळे करायचे, चेंबरची झाकणं बदलायची. दहा माणसं लागतात तिथे चार येतात. एक जण गटारात उतरून फावड्याने गाळ ओढतो, दुसरा घमेलं वर घेतो, आणि तो गाळ काठावरच पडून राहतो, कारण ट्रॅक्टरच्या फेऱ्याही कमी केलेल्या. पहिल्या मोठ्या सरीला सगळा परत आत. चिपळूणचा 2021 चा पूर गटारं साफ असती म्हणून टळला नसता, ते संकटच वेगळं होतं. पण दर जूनला दुकानाच्या पायरीशी तुंबणारं पाणी हे बरंचसं असं तयार होतं.

मग म्हणतात, केंद्राचा निधी येईल की! केंद्राचा पैसा कसा वाटायचा ते सुचवणाऱ्या पंधराव्या वित्त आयोगाने 2021-26 साठी शहरांच्या अनुदानाला अट घातली: मालमत्ता कराचे किमान दर अधिसूचित झालेले हवेत, आणि वसुली राज्याच्या सकल उत्पादनाच्या (जीएसडीपी) वाढीच्या बरोबरीने वाढत राहायला हवी. त्या अनुदानातला साठ टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेसाठीच राखलेला होता. घरपट्टी माफ करून टाळ्या घेणाऱ्या सभेत ही अट कुणी वाचून दाखवत नाही.